जुनी जीप आणि फ्रिजवरचं लोहचुंबक

मैत्रिणींनो, माठ घ्यायला गेलो की आपण दुकानदार वैतागेपर्यंत तो बोटाने वाजवून बघतो. साडीचा पदर उजेडात नेऊन पाहिल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. पण घरात लाख-दोन लाखांची जुनी गाडी यायची असली, की आपण चहाचे कप गोळा करून आत! "मला बाई त्यातलं काय कळतंय?" हे वाक्य मीही बावीस वर्षं म्हणत आले. यंदा ते म्हणायची सोय राहिली नव्हती, कारण पैसे माझे होते.

आमचं बिऱ्हाड साताऱ्यात. सासूबाई मात्र गावी, मेढ्याच्या वर डोंगरात. डांबरी रस्ता संपला की पुढे साडेतीन किलोमीटर मातीचा चढ. पावसाळ्यात तिथे आमची छोटी मोटार चढत नाही. २०२१ च्या जुलैतला तो भयंकर पाऊस तुम्हाला आठवत असेल. त्याच पावसात सासूबाई गोठ्यात घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. गावातल्या पोरांनी घोंगडीची झोळी करून त्यांना खाली आणलं. दोन तास लागले. ते दोन तास मी डांबरी रस्त्याच्या टोकाला गाडीत बसून काच पुसत होते. दुसरं करणार काय?

बऱ्या झाल्यावर त्या साताऱ्यात काही राहिल्या नाहीत. "माझी म्हैस कोण बघणार?" म्हणून परत वर. तेव्हा ठरलं, चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप घ्यायची. माझ्या मसाल्या-मेतकुटाच्या ऑर्डरींचे बँकेत दोन लाख साठले होते. त्यांच्या पाटल्या करायच्या होत्या, त्या राहिल्या. एक लाख ह्यांनी घालायचं कबूल केलं.

आमच्या मोटारीचं काम करणारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी त्यांच्याकडे गेले, तर म्हणाले, "वहिनी, रंग बघू नका. रंग विकणाऱ्यासाठी असतो. तुम्ही गाडीखाली बघा." आणि मग जे सांगायला लागले, ते मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. सोबत फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं लोहचुंबक न्यायला सांगितलं. ते का, ते पुढे येईलच.

पहिली जीप पाहिली ती लालभडक. रुंद टायर, पुढे चार जादा दिवे, उंच केलेली. ह्यांचा चेहरा अगदी जत्रेतल्या मुलासारखा झाला! मी चुंबक काढून पत्र्यावरून फिरवायला लागले. दारावर चिकटलं, बॉनेटवर चिकटलं, मागच्या चाकावरच्या पत्र्यावर आलं आणि टपकन खाली पडलं. म्हणजे तिथे पत्रा सडून गेला होता आणि पुट्टी भरून वर रंग मारला होता. (वरचं टप फायबरचं असेल तर तिथे चुंबक चिकटणारच नाही, तेव्हा घाबरू नका.) पण पत्र्याचा गंज एक वेळ परवडतो, खालच्या सांगाड्याचा, म्हणजे चेसिसचा नाही. साऱ्या गाडीचा भार त्याच्यावर. मामांनी सांगितलं होतं, पान्याने ठोकून बघा, माठासारखाच. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, पापुद्रे निघाले, किंवा जागोजाग नव्याने वेल्डिंग केलेलं दिसलं तर सरळ घरी या. खाली सगळीकडे ताजा काळा रंग फासलेला असेल तरीही संशय घ्यावा.

मी वर्तमानपत्र अंथरून साडीचा पदर खोचून खाली वाकले, तेव्हा तो वाहनबाजारवाला हसला. म्हणाला, "ताई, साहेब बघतील की." मी म्हटलं, साहेबांची कंबर धरते. खरं म्हणजे ह्यांची कंबर ठणठणीत आहे.

त्या लाल जीपचा खरा रोग निघाला कागदांत. मोबाईलवर परिवहन खात्याचं एमपरिवहन ॲप असतं. त्यात नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, पी.यू.सी. अशी बरीच माहिती दिसते. शिवाय आर.सी. मागवून नीट वाचावी. सातबाऱ्यावर जसा बोजा असतो, तसा गाडीवरही असतो. कर्ज फिटलं तरी बँकेचा नाहरकत दाखला आणि पस्तीस नंबरचा फॉर्म आर.टी.ओ.त जाईपर्यंत तो उतरत नाही. ह्या जीपवर बोजा होताच, आणि ती तिसऱ्याच माणसाच्या नावावर होती. वर ते रुंद टायर आणि उंची, ह्यांची आर.सी.त कुठे नोंद नाही. असे फेरफार कायद्याला चालत नाहीत, पुढे पासिंगला अडतात. "दोन दिवसांत कागद देतो, आज इसार देऊन ठेवा," असं तो म्हणाला. ह्यांचा हात खिशाकडे गेला, आणि मी तिथेच, चारचौघांत, "अहो, नको" म्हटलं. परत येताना पाऊण तास गाडीत कुणी बोललं नाही. हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण गाडीतले दोष शोधणं सोपं आहे, हे कठीण आहे.

दुसरी गाडी बंद बॉडीची, किंमत ऐकून तर मला वाटलं आपलं नशीबच उघडलं. आत वासाच्या कुपीचा इतका घमघमाट, की डोकं चढलं. आपल्या घरात एवढा सुवास आपण केव्हा करतो? काहीतरी कुबट झालं असेल तेव्हाच ना! मामांच्या यादीत होतं, 'सीटचा पट्टा पूर्ण ओढून बघणे.' मी तो शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ, आणि आतल्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ, धोतराला पुराच्या पाण्याचा डाग पडतो तशी. पायाखालचं जाजम उचललं तर सीटचे बोल्ट गंजलेले आणि खाचांत वाळलेला गाळ. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ ला चिपळूणला केवढाले पूर आले. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चालू करता येते, पण वायरींच्या जोडांत शिरलेला ओलावा आतून काम करत राहतो, आणि दिवे, स्टार्टर, पंखा असं एकेक महिन्या-दोन महिन्यांनी बंद पडत जातं. विकणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "नदीवर धुतली असेल कुणी." पट्टा गुंडाळीच्या आतून कोण धुतं हो?

तिसरी मिळाली वाईकडच्या एका शेतकऱ्याची. हिरवी, रंग उडालेला, मागे पोचा. ह्यांना मुळीच आवडली नाही. ह्या खेपेला मामा सोबत होते. त्यांनी आधीच फोन करून बजावलं होतं की आम्ही येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटला हात लावून पाहिला, तव्याला लावतो तसा. थंड. गरम इंजिन कुठलंही पटकन सुरू होतं. खरी परीक्षा थंड असताना. थंड आहे तोवरच रेडिएटरचं झाकण उघडून पाणी पाहायचं. तापलेलं झाकण उघडू नये, हे कुकर वापरणाऱ्या बाईला मी काय सांगू! ऑईलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट फेस दिसला तर ऑईलमध्ये पाणी मिसळतंय असं समजावं. आमच्या ह्या जीपचं ऑईल काळं होतं, पण फेस नव्हता.

मग सुरू केली. धुराकडे बघायला मला मागे उभं केलं. डिझेलच्या जुन्या गाडीने सुरुवातीला थोडा काळा धूर टाकला तर चालतो, थंडीत जरासा पांढराही. निळसर धूर येतच राहिला तर ती ऑईल जाळते आहे, आणि इंजिन उघडायचा खर्च लवकरच येणार. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर तेही वाईट. नंतर मामांनी चालत्या इंजिनवरच ऑईलचं झाकण सैल केलं. तिथून भकाभका वाफ आणि धूर उसळला तर आतल्या रिंगा झिजल्या. आमच्या जीपचा जरासाच आला. "वयाच्या मानानं ठीक," मामा म्हणाले. हेच डॉक्टर माझ्या गुडघ्यांबद्दल म्हणतात.

टायरवर शेवटी चार आकडे असतात, ते वाचायला शिका. ३२१८ म्हणजे २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांनी रबराला बारीक भेगा पडतात. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचे चारही टायर एकाच मापाचे हवेत, नाहीतर आतल्या दातऱ्यांवर ताण येतो. एकाच कडेने झिजलेला टायर दिसला तर पुढचा भाग कुठेतरी वाकलाय का ते पाहावं. पाट्यांची पानं मोडलेली आहेत का, चाकांमधल्या गोळ्यांतून ऑईल गळतंय का, जॅकवर चाक उचलून हलवलं तर खुळखुळतं का, हे सगळं मामांनी पाहिलं. मी टॉर्च धरला.

चेसिस नंबर मात्र मी स्वतः पाहिला. सांगाड्यावर तो कोरलेला असतो. त्यावरचं ग्रीस फडक्याने पुसून वर कागद धरायचा आणि पेन्सिल घासायची; लहानपणी आपण नाण्याचा छाप काढायचो ना, अगदी तसंच. तो छाप आर.सी.शी अक्षर-अक्षर जुळवला. जुळला. इंजिन नंबरही जुळला. गाडीला पंधरा वर्षं होऊन गेली होती, पण मालकाने तपासणी आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. हे विचारायला विसरू नका. ही फी एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढली आहे, आणि विकणारे ती हळूच आपल्या गळ्यात टाकतात.

सौदा झाला दोन लाख ऐंशी हजाराला. फॉर्म भरताना एजंटाने न विचारताच ह्यांचं नाव लिहायला घेतलं. ह्यांनीच त्याचा हात थांबवला आणि माझ्याकडे बोट केलं. मी काही बोलले नव्हते, शपथेवर सांगते.

आणि नाव बदलायला आळस करू नका, मग तुम्ही घेणाऱ्या असा की विकणाऱ्या. पैसे दिले-घेतले, किल्ली दिली, एवढ्याने गाडी दुसऱ्याची होत नाही. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं असतं. एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म त्यासाठीच. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. माझ्या चुलत दिरांनी जुनी मोटार विकली, घेणाऱ्याने नावावर करून घेतली नाही, आणि दीड वर्षाने अपघाताच्या भरपाईचा कोर्टाचा कागद ह्यांच्या दारात आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जाईल. भावजी अजून तारखांना जातात.

आता माझी चूकही सांगते. सगळं तपासलं, पण ज्याच्यासाठी जीप घेतली तेच नीट तपासलं नाही. शेतकऱ्याच्या अंगणात मामांनी चार चाकांचा दांडा टाकून पाहिला, तो बसला, सुटला, आम्ही समाधान मानलं. जूनमध्ये पहिल्याच चिखलात मागची चाकं गरगर फिरत राहिली आणि पुढची ढिम्म! मामांना फोन केला. काही जुन्या जीपांना पुढच्या दोन चाकांच्या मधोमध हाताने फिरवायची चकती असते. दोन्ही फिरवल्याशिवाय पुढची चाकं जोर घेत नाहीत. मामा फोनवर म्हणाले, "वहिनी, ती चकती फिरवायची राहूनच गेली की आपली!" ह्यांनी चिखलात बसून डावीकडची फिरवली, उजवीकडची अडकलेली. आत दाते तुटले होते. चार हजार तीनशे रुपये आणि आठ दिवस गेले.

तेव्हा ही परीक्षा अंगणात घेऊ नका. शेताच्या कडेला, ओल्या मातीत, चढावर घ्या. चकत्या फिरवा, दांडा टाका, हळूच पुढे काढा, आणि तुम्ही स्वतः बाजूला उभ्या राहून पाहा की पुढची चाकं खरोखर माती ओढतात का. हलका आणि जड असे दोन्ही जोर टाकून पाहा. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर चार चाकांच्या जोरात गाडी वळवू नका, आतली यंत्रणा आवळते आणि मोडते. हँडब्रेकही चढावरच पाहायचा. सपाटीवर काय, कुणीही उभं राहतं.

चकती बदलून आम्ही पुन्हा वर गेलो तेव्हा पाऊस कोसळत होता. शेवटच्या वळणावर ह्यांनी जड जोर टाकला आणि जीप गुरगुरत, बैलासारखी एकेक पाऊल टाकत चढली. सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या पोच्यावर हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "एवढे पैसे दिलेस आणि चेपकी आणलीस होय गं?"