१.१ चौरस सेंटिमीटर

माझ्या हृदयातली मायट्रल झडप उघडते तेव्हा तिचं तोंड १.१ चौरस सेंटिमीटर होतं. निरोगी माणसात ते चार ते सहा असतं. फुप्फुसांतून आलेलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात उतरतं ते इथूनच. वाट अरुंद झाली की रक्त मागे तुंबतं, फुप्फुसांत दाब वाढतो आणि दुसऱ्या जिन्यावरच धाप लागते. ठोके वाढले की झडप उघडी राहण्याचा वेळही कमी होतो, म्हणून बस पकडायला धावणं मी सोडून दिलंय. मेटोप्रोलॉलची गोळी ठोके संथ ठेवते आणि रक्ताला उतरायला सवड देते. हे समजलं त्या दिवसापासून मी ती गोळी कुरकुर न करता घेते.

मी सत्तावीस वर्षांची आहे. आजार मात्र नऊ वर्षांची असतानाचा. कराड तालुक्यातल्या आमच्या गावी आधी घसा दुखून ताप आला आणि गेला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो उतरतोय तोवर घोटा, मग कोपर. आजी म्हणाली, वात आहे. कराडच्या डॉक्टरांनी छाती ऐकली आणि ऱ्हुमॅटिक ताप असल्याचं सांगितलं. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंविरुद्ध शरीर जो प्रतिकार उभा करतं, तोच स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतो. सांधे पुन्हा पहिल्यासारखे होतात. झडपांची पाती मात्र वर्षानुवर्षं जाड होत राहतात, कडांपाशी एकमेकांना चिकटत जातात.

तो घसा दुखत होता तेव्हाच दहा दिवस पेनिसिलिन पोटात गेलं असतं, तर बहुधा यातलं काही झालं नसतं. या गोष्टीचा मला अजून संताप येतो, आणि तो घरच्यांवर नाही. ऐन ऊसतोडीच्या दिवसांत पोराचा घसा दुखतो म्हणून कामधंदा सोडून दवाखाना कोण गाठतं? घसा आणि हृदय यांचा काही संबंध असतो हे आमच्या गावात कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आता मी सांगते, भेटेल त्या प्रत्येक लेकुरवाळीला.

तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी कमरेत पेनिड्युर, म्हणजे पेनिसिलिनचं इंजेक्शन, बारा लाख युनिटचं. पुन्हा ताप येऊन झडप आणखी बिघडू नये म्हणून. ते पांढरं, दाट औषध आत जाताना जो ठणका उठतो तो घेतलेल्यालाच माहीत. पुण्यात नोकरीला आल्यावरही ते चुकवलेलं नाही.

यंदा टू डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, १.१ हा आकडा आला. आधी वाटलं, बलूनवर भागेल. १९८२ मध्ये कांजी इनोउए या जपानी सर्जननं ही पद्धत सुरू केली. मांडीच्या शिरेतून फुगा हृदयापर्यंत न्यायचा आणि फुगवून चिकटलेल्या कडा सुट्या करायच्या. छाती उघडावी लागत नाही, दोन-तीन दिवसांत माणूस घरी. पण त्यासाठी पाती बऱ्यापैकी मऊ हवीत, कप्प्यात गुठळी नको आणि झडप फारशी गळकी नको. माझी मध्यम गळते. फुग्यानं गळती वाढण्याची भीती. म्हणून ऑपरेशनचा विषय निघाला. कदाचित लागेल, लवकर लागेल, अजून नक्की नाही. या ‘कदाचित’मध्ये मी गेले काही महिने राहतेय. रजा कशी मागायची, भाडेकरार वाढवायचा का, सगळं त्यावर अडलंय.

झडप शिवून दुरुस्त झाली तर उत्तमच, पण ऱ्हुमॅटिक झडपेत ते दरवेळी जमत नाही. नाही जमलं तर बदलायची, आणि कुठली बसवायची हे मी सांगायचं. यांत्रिक झडप अनेक वर्षं टिकते. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेली झडप १९९० पासून माणसांना बसवली जातेय. पण अशा झडपेवर रक्त गोठू नये म्हणून जन्मभर गोळी घ्यावी लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासत राहावं लागतं. ओपीडीत एक ताई भेटल्या. त्यांच्या पर्समध्ये आयएनआरची वही होती. मेथी-पालक बंद नाही, म्हणाल्या, पण आज जुडीभर आणि महिनाभर काहीच नाही, असं करायचं नाही, गोळीचा परिणाम त्यानं वर-खाली होतो. शांत खोलीत त्यांना स्वतःच्या झडपेची टिकटिक ऐकू येते. ती ऐकली की बरं वाटतं, चालू आहे म्हणून, असंही त्यांनी सांगितलं.

मला मूल हवंय. रक्त पातळ करणाऱ्या त्या गोळ्या गर्भाला, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत, घातक ठरू शकतात. आणि गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ निम्म्यानं वाढतं, ते १.१ मधून उतरणार कसं? म्हणजे आधी झडपेचं बघायचं, मग बाकीचं. प्राण्याच्या ऊतीची झडप घेतली तर जन्मभर ती गोळी घ्यावी लागत नाही. पण तरुण शरीरात ती लवकर झिजते, दहा-पंधरा वर्षांत दुसरं ऑपरेशन.

ही ऊतीची झडप कशाची असते, हे आईनंच माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना, सरांना, विचारलं. आई माळकरी आहे. सर जपून म्हणाले, बरेचदा गाईच्या हृदयावरच्या आवरणाची. बाहेर येईपर्यंत आई काहीच बोलली नाही. रिक्षात म्हणाली, “गाय म्हंजे आईच की गं. लेकरासाठी दिलं तर घ्यायचं.” मामांचा सल्ला वेगळा होता: लग्नाच्या बोलण्यात हे काढू नका. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, “मामा, जो माणूस माझ्याबरोबर जन्म काढणार, त्याला सगळ्यात आधी हेच कळलं पाहिजे.” ते नाराज झाले. होऊ देत.

मी सरांना माझं उत्तर दिलंय. आधी दुरुस्तीचा पूर्ण प्रयत्न करा, नाही जमलं तर ऊतीची झडप. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी मी चाळिशीच्या आसपास असेन, त्या टेबलावर धोका जास्त असेल, हे समजून घेऊन सांगितलंय. त्यांनी तसंच फाइलवर लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

पुढच्या महिन्यात टीईई आहे, घशातून नळी घालून झडप मागच्या बाजूनं जवळून बघण्याची तपासणी. गुठळी आहे का, पाती किती कडक झालीत, हे तेव्हा कळेल. ऑपरेशन ठरो न ठरो, दात आधी दाखवून घ्या असं सरांनी बजावलंय, कारण हिरड्यांतले जंतू रक्तातून जाऊन खराब झडपेवर बसतात. डावीकडची एक दाढ किडलेली आहे. दातांच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतलीय, आणि आधी अँटिबायोटिक द्यावं लागू शकेल हेही त्यांना फोनवरच सांगून ठेवलंय.