आवाज येतोय का? ओव्हर!

'आवाज येतोय का माझा?'

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला होते. रेडिओ शिकवणारे आमचे सर ऑनलाइन लेक्चरमध्ये दर पाच मिनिटांनी हाच प्रश्न विचारायचे. समोर चाळीस काळे चौकोन. कॅमेरा ऑफ, माइक म्यूट. आवाज अगदी स्वच्छ यायचा, पण उत्तर देणार कोण? कुणी कांदेपोहे खात असायचं, कुणी वेब सीरिज बघत. मी तर चक्क झोपायचे. शेवटी 'बरं, येत असेल' म्हणून सर एकटेच बोलत राहायचे.

तेव्हा आम्हाला याचं जाम हसू यायचं. तीन वर्षांनी ऑस्ट्रेलियात एका काचेसमोर उभी राहिले, तेव्हा मात्र नाही आलं.

झालं असं, की माझी मावसबहीण नर्सच्या नोकरीसाठी अ‍ॅलिस स्प्रिंग्जला गेली आणि 2023 मध्ये मी तिच्याकडे सुट्टीला. देशाच्या जवळजवळ मध्यावर वसलेलं हे गाव. उत्तरेला डार्विन, दक्षिणेला अ‍ॅडलेड, दोन्ही साधारण दीड हजार किलोमीटरवर! मध्ये नुसती लाल माती. हाच तो आउटबॅक. इथे गुरांच्या फार्मला 'स्टेशन' म्हणतात (आपलं दादर नव्हे!) आणि शेजाऱ्याचं घर शंभर किलोमीटरवरही असू शकतं.

'मग पोरं शाळेत कशी जातात गं?' मी विचारलं.

'जातच नाहीत. चल, दाखवते,' ताई म्हणाली.

ती मला घेऊन गेली 'स्कूल ऑफ द एअर'मध्ये. पण ही शाळा कळायला आधी थोडं मागे जावं लागतं.

या भागात पहिली पंचाईत होती डॉक्टरची. जॉन फ्लिन या पाद्र्याच्या प्रयत्नांनी 1928 मध्ये विमानाने पेशंटकडे जाणाऱ्या डॉक्टरची सेवा सुरू झाली. पण त्या डॉक्टरला बोलवायचं कसं? ना फोन, ना वीज. अ‍ॅडलेडच्या अल्फ्रेड ट्रेगर या इंजिनिअरने त्यावर भन्नाट तोड काढली. पेडल रेडिओ! खाली सायकलसारखी पेडल्स. पाय मारा, वीज तयार करा, मग संदेश पाठवा. 1929 मध्ये हे सेट घरोघरी बसवायला सुरुवात झाली. तेव्हा फक्त मोर्स कोड चालायचा, बोलणं नंतर आलं. आणि बोलणं आल्यावर बायकांच्या गप्पाही रंगल्या. त्या गप्पांच्या वेळेला नाव पडलं 'गलाह सेशन'. गलाह म्हणजे तिथला कलकलाट करणारा गुलाबी-करडा काकाकुवा. (हे नाव कुणी ठेवलं असेल, सांगायला हवं का?)

मुलांचा अभ्यास मात्र टपालाने यायचा. सोडवून पाठवायचा आणि वाट बघायची. उत्तर येईपर्यंत आपण काय चुकलो होतो, तेही विसरायला व्हायचं! हाच रेडिओ मुलांसाठी वापरला तर, हे सुचलं अ‍ॅडलेड मीथके या शिक्षिका बाईंना. 8 जून 1951 रोजी अ‍ॅलिसमध्ये या शाळेचं रीतसर उद्घाटन झालं. बाई माइकसमोर, पोरं आपापल्या घरी. चेहरे दिसत नाहीत, ओळख फक्त आवाजाची. एका वेळी एकानेच बोलायचं आणि बोलून झालं की 'ओव्हर'.

आज शाळेचा परिसर आहे सुमारे 13 लाख चौरस किलोमीटर. म्हणजे चार महाराष्ट्र आरामात मावतील! रेडिओची जागा आता सॅटेलाइट इंटरनेट आणि व्हिडिओने घेतलीय. घरी मुलांजवळ आई बसते, नाहीतर पगारी 'गव्ही', म्हणजे गव्हर्नेस. वर्षातून काही वेळा सगळी मुलं आठवडाभर अ‍ॅलिसला येतात आणि एरवी स्क्रीनवर दिसणाऱ्या मित्रांना प्रत्यक्ष भेटतात.

आम्ही काचेपलीकडून एक तास बघत होतो. स्टुडिओत एक तरुण टीचर, स्क्रीनवर सात-आठ चिमुकले चेहरे. एक मुलगा वासराबद्दल काहीतरी सांगत होता, तेवढ्यात त्याचं चित्र गोठलं. मला वाटलं, पुढच्या मुलाकडे जातील. पण टीचर थांबली. मुलंही थांबली. कुणी चुळबूळ नाही, कुणी मध्ये बोलणं नाही. जवळजवळ मिनिटभराने तो परत आला, तेव्हा सगळ्यांनी हात हलवले. आणि त्याने वासराची गोष्ट जिथे सोडली होती, तिथूनच पुढे सुरू केली.

मला एकदम चाळीस काळे चौकोन आठवले. या लोकांनी एक शब्द पलीकडे पोचवायला पायाने वीज तयार केली. आणि आमच्याकडे फुल नेटवर्क असताना 'हो सर' म्हणायला एक बटण दाबवलं नाही.

संध्याकाळी सरांना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, 'सर, एक सांगायचं राहिलं होतं. लॉकडाऊनमध्ये तुमचा आवाज येत होता. अगदी स्वच्छ.'

सर क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग हसले. 'अगं, मला वाटायचं माझा माइकच खराब आहे. दोनदा नवीन आणला मी.'

हल्ली मीटिंगमध्ये कुणीही 'आवाज येतोय का?' विचारलं, की मी आधी अनम्यूट करते.