शुल्कमाफीचे पत्र

स्मरणिकेसाठी लिहावे असा निरोप आला, तेव्हा आजवर कोणत्याही मेळाव्यात न सांगितलेली हकिकत लिहायचे ठरवले. मी या शाळेचा माजी विद्यार्थी आहे हे खरे. पण मधली दोन वर्षे मी येथे नव्हतो.

1996 मध्ये सातवीत असताना एका आंतरशालेय सामन्यात माझी गोलंदाजी पाहून मुंबईच्या एका नामांकित खासगी शाळेने मला बोलावले. शुल्क माफ, गणवेश मोफत, बूट वेगळे. 1988 साली हॅरिस शील्डमध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रमासाठी 664 धावांची अभंग भागीदारी केली होती. आपल्याकडेही असे दोघे असावेत, असे शहरातील शाळांना वाटू लागले असावे. माझ्या शेतमजूर वडिलांनी निरोप देताना एवढेच विचारले, "पोरा, तिथं शिकवत्यात ना?"

शिकवत होते. पण आम्हा खेळाडूंना तिसऱ्या तासानंतर मैदानावर पाठवीत, आणि गणिताचा तास चौथा असे. शुल्क भरणारी मुले आम्हाला 'टीमवाले' म्हणत. ती वाईट वागत नसत. वाढदिवसाला मात्र बोलावीत नसत.

पुढे बाळू पालवणकरांविषयी वाचले, तेव्हा ते दिवस आठवले. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्याच्या हिंदू संघाला सामने जिंकण्यासाठी त्यांचा हात हवा होता. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. त्यांच्या अपमानाशी माझी तुलना होऊच शकत नाही. तरीही माणसाचा फक्त हात घ्यायचा आणि माणूस बाहेर ठेवायचा, ही रीत मला ओळखीची वाटली.

नववीच्या हिवाळ्यात माझा खांदा निखळला. जूनमध्ये शाळेच्या कार्यालयाने वर्षभराचे शुल्क मागितले. गणितात मी मागे पडलो होतो, गोलंदाजी थांबली होती; त्या शाळेच्या लेखी मी कोणीच उरलो नव्हतो. वरळीच्या मामांनी उसनवारी करून मागणी भागवली, तेव्हा कुठे दाखला हाती आला.

जुलैच्या पावसात संध्याकाळी येथे पोहोचलो, तर सभागृहात वंदना चालू होती. मी दाराशीच थांबलो. वसतिगृहाचे अधीक्षक सर बाहेर आले, पट्टा बांधलेल्या खांद्याकडे त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "ताटं लागली आहेत. आधी जेवून घे." दहावीचे गणित त्यांनीच मला पहाटे उठवून शिकवले.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून क्रीडा शिष्यवृत्ती सुरू करावी, अशी सूचना आली. एक ज्येष्ठ बंधू उठून म्हणाले, आपली मुले पुस्तकाने वर आली, चेंडूने नव्हे. टाळ्या पडल्या. मी वाजवली नाही. फलंदाजाच्या पावलांवरून त्याच्या मनातला फटका ओळखणे हीही बुद्धीच आहे, आणि आपल्या पोरांकडे ती आहे. शिष्यवृत्तीला अट असण्यालाही माझी हरकत नाही. बाबासाहेबांना 1913 मध्ये मिळालेल्या बडोद्याच्या शिष्यवृत्तीलाही दहा वर्षे चाकरीची अट होती. मूल पडेल त्याच दिवशी मदत तुटावी, या अटीला माझा विरोध आहे.

हे लिहीत असतानाच आठवीतल्या एका मुलीची आई भेटायला आली. मुलगी थाळीफेक करते. शहरातल्या एका खासगी शाळेने तिला नववीपासून शुल्कमाफी देऊ केली आहे. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या 25 टक्के जागांचा आधार आठवीपर्यंतच. त्यापुढे गरिबाच्या हाती असे पत्रच असते. "दादा, पाठवू का पोरीला?" तिने विचारले.

मी पत्र दोनदा वाचले. दुखापत झाल्यास काय, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. दहावीपर्यंत शुल्कमाफी कायम राहील, खेळ थांबला तरी, एवढे लेखी मागणारा अर्ज मी तिला लिहून दिला. तिने खाली अंगठा नव्हे, सही केली. उत्तर अजून यायचे आहे.