सात नंबरचे पाऊल

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे म्हणतात. आमच्या नातीचे पाय पाळण्याबाहेरही दिसत. बारशाला आलेल्या एका आत्याबाईंनी तिचे तळवे हातात घेऊन "पोरगी चांगली उंच होणार हो!" असे भविष्य वर्तवले. शेजारी बसलेल्या दुसऱ्या बाईंनी मात्र "पण मुलीच्या जातीला एवढाले पाय?" अशी शंका हळूच काढून घेतली.

तसा आपल्याकडे पावलाचा मान मोठा. वडीलमाणसांच्या आपण पाया पडतो, नव्या सुनेचा पायगुण पाहतो. भरताने तर रामाच्या पादुकाच सिंहासनावर ठेवल्या. पण कौतुक करायची वेळ आली, की ते लहान पावलाचे. दिवाळीत उंबऱ्याशी लक्ष्मीची पावले उमटवायचे ठसे मिळतात, ते कसे बोटभर, नाजूक. मोठ्या पावलाची आठवण आपल्याला होते ती बलिप्रतिपदेला. त्या दिवसाच्या कथेतल्या बटूने दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापला. बळीराजाने तीन पावले जमीन मोजून द्यायचे कबूल केले, पण पाऊल मोजून घ्यायचे काही त्याला सुचले नाही!

हे सारे विनोदावारीच गेले असते. पण जूनमध्ये शाळा उघडतात आणि शाळेला काळे बूट लागतात. नातीला अकरावे संपत आलेले, आणि पाऊल चांगले साडेपंचवीस सेंटिमीटर. म्हणजे बुटाचा नंबर सात. आम्ही लक्ष्मी रस्त्यावर कुंटे चौकापाशी सुरुवात केली आणि सोन्या मारुतीच्या दिशेने दुकानामागून दुकान पालथे घालीत निघालो. पहिल्या दुकानदाराने "या, बसा" म्हणून स्वागत केले. मग मुलीच्या पायांकडे पाहिले, तिच्या तोंडाकडे पाहिले, आणि मला विचारले, "वय काय हो हिचे?" मी सांगितले. "अहो काका, मुलींचा पट्ट्याचा बूट पाचाच्या पुढे येत नाही."

दुसरीकडे सात नंबर होता, पण बायकांचा. त्याला दोन बोटे उंच टाच. ती घालून प्रार्थनेच्या रांगेत उभे राहणे एक वेळ जमेल, डबा-ऐसपैस कसा खेळणार? तिसरीकडे पुरुषांचे कचेरीत घालायचे बूट पुढे आले. चौथ्या दुकानात नोकराने माळ्यावरच्या पोऱ्याला खणखणीत आवाजात हाक दिली, "शाळेचा सात आहे का रे मुलीचा?" वरून तितक्याच खणखणीत आवाजात उत्तर आले, "मुलीचा? सात?" दुकानातली सारी गिऱ्हाइके वळून पाहू लागली. नातीने पाय बाकाखाली ओढून घेतले.

पाचव्या दुकानात सहा नंबर निघाला. दुकानदार म्हणाला, "चामडेच आहे काका, वापरून सैल पडेल." तिने पाय आत सारला, उठून चार पावले चालली, आणि म्हणाली, "बसतो, आबा. छान बसतो." तिच्या या 'छान'चा मला संशय आला. मी तिला मोजा काढायला लावला. करंगळी लालभडक झाली होती आणि अंगठ्याचे नख बाजूला दाबले गेले होते. बूट लागत होता हे तिला पुरते ठाऊक होते. पण आणखी एका दुकानात आपल्या पायांचा पुकारा व्हावा, त्यापेक्षा वर्षभर तो सोसायची तिची तयारी होती. गेल्या वर्षीपर्यंत खोखोत भल्याभल्यांना दमवणारी ही पोर मोठे पाऊल म्हणजे आपलाच काही अपराध असे समजू लागली होती, आणि माझ्या मनाला लागले ते हे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक फसगत आहे. मोठ्या माणसाला जोडा चावला, तर तो घरभर सांगत सुटतो. मुलांच्या पायाची हाडे पुरती घट्ट झालेली नसतात. त्यांत कूर्चेचा भाग बराच असतो. त्यामुळे आखूड बुटात पाऊल मुकाट्याने दुमडून बसते, बोटे वाकतात, आणि फारशी तक्रार कानावर येत नाही. जिथे घासते तिथे फोड मात्र येतो, आणि फोड ही तुच्छ मानायची वस्तू नव्हे. अमेरिकेतला रॉबर्ट वॅडलो हा नोंदींतला सर्वांत उंच माणूस. उंची ८ फूट ११ इंच. एक बूट कंपनी त्याला फुकट बूट पुरवी आणि जाहिरातीसाठी गावोगाव हिंडवी. पण १९४० साली, वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी, तो गेला. पायाला आधार म्हणून बांधलेला पट्टा नीट बसत नव्हता. त्याने घोट्याला फोड आला, फोड चिघळला, आणि त्यातच त्याचा अंत झाला.

मग हा नंबर तरी कोणी ठरवला? इंग्रजी माप मुळात जवाच्या दाण्यावर बेतलेले आहे. तीन दाणे लांबीत ठेवले की एक इंच, आणि एक दाणा म्हणजे एक नंबर. जव आपल्यालाही परका नाही. आठ जव आडवे ठेवले की एक अंगुळ, हे कोष्टक कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. पण इंग्रजी मापाची तऱ्हा निराळी. मुलांचे नंबर तेरापर्यंत चढतात आणि पुढे पुन्हा एकापासून सुरू होतात. म्हणजे पोराने तेरा इयत्ता पार कराव्यात आणि मास्तरांनी त्याला पुन्हा पहिलीत बसवावे, तसे!

शिवाय हा नंबर सांगतो केवळ लांबी. रुंदीचे काय? न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावी चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या तरुणाचे घरचे बुटांचे दुकान होते. त्याने १९२०च्या दशकात खेळण्यातल्या जोडणीच्या पट्ट्या जुळवून लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर एकदम मोजणारे साधन तयार केले. आमच्या फेरीत मात्र जिथे मोजायची पाटी निघाली, तिथे ती लांबीपुरतीच.

आणि आपले पाऊल रुंद आहे, हे आता मोजूनमापून सिद्ध झाले आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी लाखाहून अधिक लोकांची पावले यंत्राने मोजली. युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा आपली पावले सरासरीने रुंद, असा निष्कर्ष निघाला. रुंदीत मावावे म्हणून आपण लांबीचा नंबर वाढवतो, आणि मग बूट टाचेला सैल होतो. यावर उपाय म्हणून भारतीय पावलांसाठी 'भा' नावाची मापाची नवी पद्धत सुचवली गेली. भा म्हणजे भारताचा भा. याच पाहणीत असेही दिसले, की मुलींचे पाऊल वाढण्याचा वेग साधारण अकराव्या वर्षापर्यंत भरात असतो, मुलांचे पंधरा-सोळापर्यंत. हे वाचून मला हायसे वाटले. पाऊल आधी वाढते आणि उंची मागून येते. आमच्या नातीचे पाय नुसते पुढे निघून गेले आहेत. बाकीची मंडळी वाटेत आहेत!

पण लाखाच्या सरासरीने आमचा सोमवार साधणार नव्हता. अखेर एका स्नेह्याच्या सांगण्यावरून भवानी पेठेतल्या एका कारागिराकडे गेलो. आषाढी वारीच्या वाटेवर ज्ञानोबांच्या पादुका मुक्कामाला येतात त्या पालखी विठोबाच्या भागातलेच हे दुकान. दुकान कसले, चार हातांची खोली. मुक्कामाच्या त्या दिवसांत पुण्यातले चर्मकार वारकऱ्यांच्या वहाणा पैसा न घेता शिवून देतात, आणि हे गृहस्थही त्यांतलेच. पंढरीपर्यंत चालणाऱ्या पायांची ज्याला सवय, त्याला सात नंबराचे काय अप्रूप?

त्यांनी रापी बाजूला ठेवली, जमिनीवर कागद पसरला आणि म्हणाले, "ताई, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा." मग पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ फिरवली, आधी उजव्या, मग डाव्या. डावे पाऊल जवभर मोठे निघाले. कागदाची पट्टी चवड्याभोवती गुंडाळून त्यांनी खूण केली, मग पायाच्या उंचवट्यावर. लाकडी साचा जिथे अरुंद होता, तिथे चामड्याचा तुकडा ठोकून तो भरून घ्यायचे ठरले. नातीने न राहवून विचारले, "काका, माझे पाय फार मोठे आहेत का हो?" मान वर न करता ते म्हणाले, "पायात काही खोट नाही ताई. बुटातच जागा कमी."

जाताना त्यांनी मला चार गोष्टी सांगितल्या. बूट घ्यायचा तो सायंकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. मोठ्या पायाला बसेल तो नंबर घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडावी. आणि झगा वाढत्या अंगाचा शिवतात तसा बूट वाढत्या पायाचा घेऊ नये. सैल बुटात पाय पुढे सरकतो आणि बोटे पुन्हा चेपतातच. तीन-चार महिन्यांनी चाचपून पाहावे, हे बरे.

बूट आठ दिवसांनी मिळाले. काळे, पट्ट्याचे, बिनटाचेचे. ते घालून ती आमच्या वाड्याच्या जिन्यावरून धडधडत खाली गेली आणि धडधडत वर आली. कुठे लागते का, हे विचारायची मला गरज पडली नाही. तिला तो पावलांचा कागद मात्र हवा होता, वहीत ठेवायला. कारागिराने तो दिला नाही. घडी घालून पत्र्याच्या पेटीत टाकीत ते म्हणाले, "राहू द्या इथंच. पुढच्या जूनला किती वाढलं ते बघायला लागेल."