फॅटराव

पेनड्राइव्हच्या अगदी सुरुवातीच्या जागेत फॅटरावांचं दप्तर असतं. पूर्ण नाव फाईल अलोकेशन टेबल. जन्म १९७७ च्या सुमाराचा, मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क मॅकडोनल्ड यांच्या हातचा. १९८० मध्ये टिम पॅटरसन यांनी ही रीत आपल्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये घेतली आणि पुढच्याच वर्षी आयबीएमच्या पीसीबरोबर फॅटराव जगभर पोचले.

काम तलाठ्याचं. जमीन कसायची नाही, तिच्यात काय पिकतं ते बघायचं नाही; कोणता तुकडा कुणाकडे, एवढंच लिहून ठेवायचं. तुकड्याला म्हणायचं क्लस्टर, आणि दर क्लस्टरमागे वहीत एक रकाना. रकान्यात शून्य असलं तर जागा मोकळी. आकडा असला तर तो त्याच फाईलच्या पुढच्या तुकड्याचा. फाईल संपल्याची खूण वेगळी, नासक्या जागेची वेगळी. पहिला तुकडा कोणता, ते डिरेक्टरी सांगते. तिथून पुढे आकड्याला आकडा धरून चालायचं. फाईलचं शेवटचं पान मागा, फॅटराव पहिल्या रकान्यापासून शोधत येणार. आडवाट त्यांना माहीत नाही.

तुकडा फोडून द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. फॅट१६ या जुन्या अवताराच्या काळात दोन जीबीच्या डिस्कवर क्लस्टर ३२ केबीचा असे. एका अक्षराची फाईलही तेवढी जागा अडवून बसायची. शिवाय सलग जागा नसली तर मिळेल तिथला तुकडा द्यायचा. मग एकच फाईल डिस्कभर पांगते आणि वाचताना डिस्कच्या हेडची नुसती धावपळ. विंडोज ९५ वर तासन्‌तास डीफ्रॅग चालायचं, ते हाच पसारा आवरायला.

फाईल पुसायला सांगितली तर फॅटराव जागेवर जातसुद्धा नाहीत. डिरेक्टरीत नावाच्या पहिल्या अक्षरावर एक ठरलेली खूण पडते, वहीतले रकाने शून्य होतात, झालं. मजकूर तिथंच पडून राहतो, दुसरी फाईल त्यावर लिहिली जाईपर्यंत. चुकून पुसलेले फोटो परत मिळतात ते यामुळेच. विकलेल्या मेमरी कार्डातून खासगी कागद दुसऱ्याच्या हाती लागतात, तेही यामुळेच.

हिशेब पक्का, पण बेताचा. १९९६ मध्ये आलेल्या फॅट३२ मध्येही फाईलचा आकार लिहायला चारच बाइट. त्यात जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ मावतात, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. पेनड्राइव्हमध्ये ३० जीबी मोकळे असले तरी पाच जीबीचा लग्नाचा व्हिडिओ ते घेत नाहीत. फाईल कुणाची, कुणी बघावी, कुणी बघू नये, याचीही नोंद त्यांच्याकडे नाही. वहीची दुसरी प्रत ठेवतात खरी, पण पहिलीला अगदी खेटून. तो भाग बिघडला की दोन्ही गेल्या.

एनटीएफएस, ईएक्सटी४ असे हुशार कारभारी आले, तरी फॅटरावांना निवृत्ती मिळाली नाही. त्यांची वही इतकी सोपी, की कॅमेरा, गाडीतला स्टिरिओ, टीव्ही, प्रिंटर, कुणालाही ती वाचता येते. आजचे बहुतेक नवेकोरे लॅपटॉपही सुरू होताना आधी एका छोट्या फॅट विभागातच डोकावतात. शहाण्यांच्या वह्या सगळ्यांनाच वाचता येत नाहीत, म्हणून या साध्या माणसावाचून त्यांचं अडतं.

एक मात्र सांभाळा. करायचं काम आधी टिपून ठेवायची सवय त्यांना नाही. लिहिता लिहिता पेनड्राइव्ह उपसलात, तर तुकडे दिलेले असतात, पण ते कुणाचे, ही नोंद अर्धवट राहते. तेव्हा ‘इजेक्ट’ म्हणा, हो येऊ द्या, मगच ओढा. आणि महत्त्वाच्या फाईलची एक प्रत दुसरीकडे ठेवा.