वाकलेली मान आणि सूर्यनमस्कार

हैदराबादेतील मराठी घरांत वाढलेल्या अनेकांना अंग ताणण्याची पहिली ओळख होते ती सूर्यनमस्कारातून. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठ्या निष्ठेने प्रसार केलेल्या या व्यायामात पाठ आळीपाळीने पुढे आणि मागे वाकते, त्यामुळे कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू लांबतात. मात्र बालपणी त्याचे मोल कळत नाही, कारण मूल मुळात एका जागी बसतच नाही.

मोल कळते ते नोकरीच्या वयात. एकेकाळी मराठवाड्यातील तरुण निजामाच्या राजधानीत शिकायला आणि कारकुनी करायला येत. 1998 साली माधापूरला सायबर टॉवर्स उभी राहिल्यावर येणारी पिढी संगणकापुढे बसली, आणि हायटेक सिटीहून मेट्रोने घरी परततानाही तिची मान मोबाइलवर झुकलेलीच राहिली. ताठ मानेवर डोक्याचा भार साधारण पाच किलो असतो. केनेथ हन्सराज या शल्यविशारदाने 2014 मध्ये मांडलेल्या गणितानुसार मान साठ अंशांत झुकली की हाच भार सुमारे सत्तावीस किलोंवर जातो. अशा बैठकीत छातीचे स्नायू आखडतात, खांद्याच्या पात्यांमधले स्नायू लांबलेल्या अवस्थेत राहून थकतात, आणि कमरेपासून मांडीकडे येणारे, पाय उचलणारे स्नायू आखूड होऊ लागतात.

दाराच्या चौकटीला कोपरे टेकवून छाती पुढे नेणे, हनुवटी मागे ओढून मान लांब करणे, एक पाय मागे नेऊन कंबर पुढे ढकलणे, हे ताण वीस-तीस सेकंद धरले की अवघडलेपण सैल होते. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी भिंत, दोर आणि खुर्ची यांच्या आधाराने आसने शिकवली, ती ताठरलेल्या शरीरालाही झेपतात. तरीही नुसत्या ताणाने शरीराची ठेवण पालटत नाही. पाठीच्या स्नायूंना बळ द्यावे लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बैठक वारंवार मोडावी लागते. पहाटेचे बारा नमस्कार दिवसभराच्या निश्चलतेची भरपाई करू शकत नाहीत, हे नियमाने व्यायाम करणाऱ्यांनीही मान्य करायला हवे.

म्हणून हैदराबादच्या कंपन्यांनी दर तासाला दोन-तीन मिनिटे उठण्याची मुभा कामाच्या नियमांतच लिहून द्यावी, आणि ती मिळेपर्यंत वाचकाने परवानगीची वाट न पाहता उठावे.