फ्रेडोच्या बाजूने

क्विझमध्ये भल्याभल्यांची विकेट काढणारा एक प्रश्न आहे. असा कोणता नट, ज्याने आयुष्यात फक्त पाच फीचर फिल्म्स केल्या आणि पाचही बेस्ट पिक्चरच्या ऑस्कर नॉमिनेशनपर्यंत पोचल्या? लोक ब्रँडो म्हणतात, पचिनो म्हणतात. एखादा शहाणा जेम्स डीन ठोकून देतो. जॉन कझेल हे उत्तर सांगितलं की सगळे गप्प. मग ‘अरे, गॉडफादरमधला फ्रेडो!’ म्हटलं की लगेच एका सुरात, ‘हां, तो बावळट भाऊ!’

तोच तो. जन्म १९३५चा, मॅसॅच्युसेट्समधल्या रिव्हिअरचा. न्यूयॉर्कमध्ये नाटकं करता करता पोटापाण्यासाठी स्टँडर्ड ऑइलमध्ये मेसेंजरची नोकरी केली. तिथे आणखी एक मेसेंजर भेटला, अल पचिनो. (काय ऑफिस असेल यार ते!) दोघांना १९६८मध्ये एकाच नाटकासाठी ओबी अवॉर्ड मिळालं. ‘गॉडफादर’ पडद्यावर आला तेव्हा कझेल ३६ वर्षांचा होता. आपल्याकडे या वयात लोक होम लोनच्या हप्त्यांचा हिशोब करत ‘आता काय नवीन करणार’ म्हणतात.

आता गंमत बघा. ‘गॉडफादर’साठी ब्रँडोला ऑस्कर मिळालं. थोरला सनी, मानलेला भाऊ टॉम, धाकटा मायकल, म्हणजे जेम्स कान, रॉबर्ट डुव्हाल आणि पचिनो, तिघांनाही सहाय्यक अभिनेत्याचं नॉमिनेशन. भावांपैकी राहिला कोण? फ्रेडो. पुढेही तेच. १९७४च्या सिनेमांत बेस्ट पिक्चरच्या पाच नॉमिनेशन्सपैकी दोन फिल्म्स याच्या, ‘द कॉन्व्हर्सेशन’ आणि ‘गॉडफादर पार्ट टू’. ‘डॉग डे आफ्टरनून’ १९७५चा. बहुतेक वेळी शेजारच्या नटाला नॉमिनेशन, याला एकदाही नाही.

हा माणूस शेजारच्याला चांगला करायचा, असं माझं मत. नीट बघा, समोरचा बोलत असतो तेव्हा कझेल खरोखर ऐकत असतो. आपली ओळ कधी येते याची वाट बघत नाही. ‘डॉग डे’मध्ये बँक लुटायला आलेला पचिनो त्याला विचारतो, पळून कुठल्या देशात जायचंय? तो शांतपणे म्हणतो, वायोमिंग. हे उत्तर स्क्रिप्टमध्ये नव्हतंच. हसू येतं आणि पुढच्याच क्षणाला पोटात खड्डा पडतो, कारण या बिचाऱ्याला आपला देशही धड माहीत नाही आणि तो हातात बंदूक घेऊन उभा आहे.

१९७६मध्ये सेंट्रल पार्कमधल्या ‘मेझर फॉर मेझर’च्या वेळी मेरिल स्ट्रीप भेटली. मग फुप्फुसाचा कॅन्सर. ‘द डियर हंटर’च्या वेळी त्याला घ्यायला स्टुडिओ तयार नव्हता. दिग्दर्शक चिमिनोने त्याचे सीन्स आधी उरकून घेतले. मार्च १९७८मध्ये तो गेला, ४२व्या वर्षी. स्ट्रीप शेवटपर्यंत त्याच्याजवळ होती. सिनेमा लागला तो डिसेंबरमध्ये.

पण मला तो पहिल्यापासून आवडत होता असं नाही. कॉलेजात मीही फ्रेडोला हसलोय. भर रस्त्यात बापावर गोळ्या झाडल्या जातात, याच्या हातातून पिस्तूल निसटतं आणि हा फुटपाथच्या कडेला बसून लहान पोरासारखा रडतो. तेव्हा वाटलं होतं, काय फालतू माणूस आहे.

मग आमच्या बाबांची बायपास झाली. घरात मी थोरला. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, निर्णय लगेच घ्यावा लागेल, कोण बोलणार? आईने धाकट्याकडे पाहिलं. आत्याने पण. मी तिथेच उभा होतो, हातात औषधांच्या पावत्या घेऊन. धाकटा पुढे झाला, नीट बोलला, सही केली. त्याने चुकीचं काही केलं नाही आणि आईनेही. बाबा आज ठणठणीत आहेत. फॅमिली डिस्काउंट कुठे मिळेल हे मात्र अजून सगळे मलाच विचारतात.

त्यानंतर कधीतरी ‘पार्ट टू’ परत लावला. तो बोटहाऊसमधला सीन. बाहेर बर्फ, आणि फ्रेडो आरामखुर्चीत रेललेला. धाकट्या भावाला ओरडून सांगतोय की मी मोठा आहे, मला ओलांडून पुढे गेलात, मी मूर्ख नाहीये. खुर्ची अशी, की चिडून उठायला जावं तर धड उठताही येत नाही. कझेलने तो राग तसाच, हात हवेत हलवत, अर्धा झोपून केलाय. मी पॉज केला आणि चहा करायला गेलो.

धाकट्याने ‘पार्ट वन’ तीनदा पाहिलाय, ‘पार्ट टू’ एकदाही नाही. दर दिवाळीला घरी आला की म्हणतो, दादा, या वेळी लावूया ना. मी म्हणतो, सव्वातीन तासांचा आहे रे, उगाच जागरण. काहीतरी हलकंफुलकं बघू.